खिडकीपाशी रुई बसत नाही

विमलआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या प्रयोगशाळेत तापमानाची नोंद घेत होते. बाबांना वाक्य पूर्ण करता आले नाही. मी मात्र आकडा लिहूनच उठले. हेही तिचेच शिक्षण. "आधी नोंद, मत मागून," असे ती वर्गात सांगे. आदिलाबादच्या मराठी शाळेत तिने आयुष्यभर विज्ञान शिकवले, लग्न केले नाही, आणि निवृत्तीनंतर नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावी परतण्याऐवजी कापूस बाजारामागे, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीचा फ्लॅट घेतला. खोलीतच ओटा, खोलीतच पलंग आणि एकुलत्या खिडकीपाशी वेताची खुर्ची. समोर कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांची पत्र्याची छपरे. हंगामात कापसाचे तंतू तरंगत आत येत आणि साऱ्या घरावर पांढरी साय धरे. शेजारीण म्हणे, "बाई, खिडकी लावून घ्या की." आत्या खुर्चीतूनच उत्तर देई, "लावू कशाले? हवा कुठून कुठं चालली, ते फुकटात दिसून राह्यलं."

परदेशातील संशोधनासाठी माझी निवड झाल्याचे सांगायला गेले, तीच शेवटची भेट ठरली. बोलताना तिला दम लागत होता. "माह्यासाठी थांबू नको. खोली तुह्या नावानं केली हाय. मी गेली का इक, अन् जाय." "आणि तू?" असे मी वेड्यासारखे विचारले. "गेल्यावर मी कुठं राहीन, हे मले काऊन इचारतं? शास्त्र तू शिकली."

दहाव्याच्या रात्री गावी काकूने रिवाजाप्रमाणे ताटात पीठ पसरले, शेजारी दिवा लावला आणि वर टोपली झाकली. सकाळी पिठावर ज्याच्या पावलाची खूण दिसते, त्या जन्माला माणूस गेले असे मानतात. आत्या याची टिंगल करी : "आपल्या घरचे समदे झुरळंच झाले म्हणा." त्या सकाळी मात्र पीठ नितळ होते. "निंगालीच नाई वं बाई," काकू हळूच म्हणाली. मी हसले...

पुढे फ्लॅट विकायला काढला. खुर्ची बाबांनी आधीच गावी नेली होती. कुलूप उघडले तेव्हा हंगामाची रुई फरशीवर, ओट्यावर, पलंगावर सारखी पसरलेली होती. केवळ खिडकीपाशी, खुर्ची असे तेवढी जागा स्वच्छ होती. मी कारणे मांडली : खिडकीतून येणारा झोत, किंवा पाय घासून गुळगुळीत झालेली फरशी. मग खिडकी घट्ट लावली, त्या जागेवर स्वतःच्या हाताने रुई पसरली आणि कुलूप घातले. पुढच्या खेपेस जागा पुन्हा मोकळी होती. रुई कडेला सरकली होती, कुणी पाय टेकण्यापूर्वी बाजूला सारावी तशी. दोन्ही कारणे मी खोडली. तिसरे सुचले नाही. जी निघालीच नाही तिची खोली विकायची कशी, आणि न विकावी तर तिचा शेवटचा शब्द मोडायचा कसा?

उटनूरहून बदलून आलेल्या एक नर्सबाई फ्लॅट पाहायला आल्या. त्याआधी मी सारी फरशी झाडून पुसली होती. एक तंतू उरला नव्हता. ती जागा आता इतर फरशीसारखीच दिसत होती. मी मुद्दाम काही बोलले नाही. बाई ओटा पाहून खिडकीकडे निघाल्या आणि मध्येच त्या जागेला वळसा घालून तिथे पोचल्या.

"हवा चांगली येऊन राह्यली, मॅडम."

"तुम्ही वळून का गेलात?"

त्यांनी मागे मोकळ्या फरशीकडे पाहिले. "मी? मी तं सरळच आली."

व्यवहार ठरला. गावची खुर्ची परत आणून त्या जागी ठेवायची आणि खोलीसोबतच द्यायची, एवढी एकच अट मी घातली. "बसायले कामी येईन," बाई म्हणाल्या. पुढच्या महिन्यात मी परदेशी निघेन. त्या दिवशी बाई जिना उतरून गेल्यावर खिडकी लावायची राहिली होती. दारापासून खिडकीपर्यंतची सर्वांत जवळची वाट त्या जागेवरूनच जाते. मी कडेकडेने गेले, कुणाच्या पायाला पाय लागू नये अशी.