विनाशिकेवरचे आठ महिने

अमेरिकेत श्रूजबरीला आमच्या शेजारी शंभरीला टेकलेले एक अमेरिकन आजोबा राहायचे. महायुद्धात ते नौदलाच्या एका विनाशिकेवर स्वयंपाकी होते. एकदा त्यांच्या ड्राइव्हवेवरचा स्नो काढून दिल्यावर मी विचारलं, "तुमची बोट किती वर्षं चालली?"

"आठ महिने. त्यातले सहा महिने मला बोट लागत होती."

मग टॉर्पेडो लागून ती बुडाली. दुसऱ्या जहाजाने आजोबांना पाण्यातून ओढून काढलं, कोरडे कपडे दिले आणि बटाटे सोलायला बसवलं.

"लगेच कामाला?"

"बरंच झालं. हातांना काम मिळालं. फक्त सवयीने मी आमच्या बोटीवरच्या सगळ्यांपुरते सोलले. वाचलो होतो अकरा जण."

मी फावडं दाराशी टेकवून ठेवलं. त्यांनी विचारलं, कॉफी घेणार का.