आजीच्या आवाजातला यंत्रमानव

आवाजबाईंचा चेहरा कुणी ओळखत नसे, आवाज मात्र सगळ्यांच्या ओळखीचा. लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ म्हणणाऱ्या त्याच, आणि बँकेच्या फोनवर लोकांना गोड बोलून ताटकळत ठेवणाऱ्याही त्याच. पण त्यांचं खरं काम परभाषेतल्या चित्रपटांना आपल्या भाषेतला आवाज देण्याचं. त्यात तीस वर्षं गेली. ससे, चेटकिणी, बोलकी गाढवं, दोन राण्या आणि दातदुखीने बेजार झालेली एक मगर, एवढे सगळे त्यांच्या घशातून निघाले होते. कामावर त्यांचं प्रेम होतं, त्या चित्रपटांबद्दल मात्र काडीचाही आदर नव्हता. सहकुटुंब पाहण्याजोगा चित्रपट म्हणजे ज्यात मोठे डुलक्या काढतात आणि लहान घाबरतात तो, असं त्या तोंडावर सांगत.

गेल्या वर्षी त्यांच्या वाट्याला यंत्रमानव आला. गोष्ट अशी की, भांडी घासायला आणि मुलांचा अभ्यास घ्यायला एका घरात यंत्रमानव आणतात. हळूहळू त्याला भावना फुटतात. फुटतात त्याही अशा, की फुलपाखरू बघून त्याच्या डोळ्यांचे दिवे ओले होतात. मग कंपनीची माणसं येतात, यंत्रात बिघाड आहे म्हणतात आणि घरातल्या मुलांसमोरच त्याला बंद करायला घेतात. यंत्रमानव गयावया करतो. एक-दोन वाक्यं नाहीत, चांगली अकरा. शेवटी अर्थातच कुणीतरी त्याला पुन्हा सुरू करतं आणि सगळे मिठ्या मारतात.

ध्वनिमुद्रण करून घेणारा तरुण बंद खोलीतही टोपी घालून असे, म्हणून बाई त्याला टोपीवाला म्हणत. यंत्रमानवाला तोंडच नव्हतं, त्यामुळे ओठांशी शब्द जुळवायची कटकट नव्हती. तेवढाच काय तो त्या चित्रपटाचा गुण, असं बाईंचं मत. टोपीवाल्याला मात्र रडणं कमी पडत होतं. अजून जरा आतून येऊ द्या, असं तो काचेपलीकडून सारखं सांगत होता. सातव्या खेपेला बाई इतक्या वैतागल्या की आवाज आपोआप कापायला लागला. त्या वेळी त्यांच्या मनात सकाळी नासलेलं दूध होतं. टोपीवाल्याने डोळे पुसले.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, हे किती वर्षांच्या मुलांसाठी आहे. सगळ्याच वयांच्या, तो म्हणाला. तसं प्रमाणपत्रही मिळालं होतं. मारामारी नाही, रक्त नाही, शिवी नाही.

“माणसासारखं बोलणारं कुणीतरी जिवाच्या आकांताने हात जोडतंय,” बाई म्हणाल्या, “आणि रक्त नाही म्हणून ते पाच वर्षांच्या पोराला चालतं?”

“पण शेवटी तो पुन्हा सुरू होतो ना.”

“पोर तोवर तिथे बसलं तर.”

टोपीवाल्याने मान डोलावली. म्हणजे ऐकलं नाही.

बाईंची नात नेमकी पाच वर्षांची. तिला या चित्रपटाला आणू नको, असं त्यांनी मुलाला बजावलं होतं. पण मुलाचं आयुष्य एका कार्यालयात अर्ज तपासण्यात चाललं होतं, आणि ज्या कागदावर शिक्का आहे त्यावर शंका म्हणून घ्यायची नाही, हे त्याच्या अंगात भिनलं होतं. त्याने आईला पोस्टरवरचं गोंडस डबडं दाखवलं. आजीचं काम पोरीला कळायला नको का, असं सूनही म्हणाली. शेवटी बाई निमूटपणे चित्रपटगृहात नातीच्या शेजारी जाऊन बसल्या.

पहिला तासभर नात खिदळली. आजीचा आवाज तिने लगेच ओळखला आणि मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसांनाही अभिमानाने सांगितलं. मग कंपनीची माणसं आली. अंधारात, भल्यामोठ्या पडद्यावरून आजी म्हणू लागली, मला बंद करू नका, माझं काय चुकलं. नात रडली नाही. ती खुर्चीवर उभी राहिली आणि तिने आजीच्या तोंडावर हात ठेवला. तोंड मिटलेलं होतं. आवाज येतच होता. तिने दुसराही हात ठेवला आणि घट्ट दाबला.

बाईंनी तिला उचलून बाहेर आणलं. मागोमाग मुलगा आला, हातात पॉपकॉर्नचा पुडा. पुढे तो सुरू होतो, बघ तरी, असं तो लेकीला समजावू लागला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुडा पाठीमागे लपवला.

त्यानंतर नात जेवायची, खेळायची, भांडायचीही. फक्त आजीचा फोन आला की खोलीतून निघून जायची. मुलं विसरतात, सून म्हणाली. बाईंनी नाक मुरडलं. महिना गेला तरी पोर विसरेना, तेव्हा त्यांनी टोपीवाल्याला कळवलं की एक दुपार मला तुझी खोली हवी आहे. विचारलं नाही, कळवलं.

नातीला त्यांनी माइकपुढे स्टुलावर उभं केलं आणि समोर तेच दृश्य लावायला सांगितलं, आवाजाशिवाय. आता याने काय बोलायचं ते तू सांग, असं म्हणाल्या. नातीने आधी सांगितलं, काही बोलू नको. बाई गप्प राहिल्या. यंत्रमानव मुक्याने हात हलवत राहिला. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, म्हण, मला शी लागली. बाईंनी त्याच कापऱ्या, काळीज चिरणाऱ्या आवाजात ते म्हटलं. नात हसून हसून स्टुलावरून पडायच्या बेतात आली. मग तिने आजीला बाजूला सारलं आणि स्वतःच माइकला तोंड लावलं.

“मी नाही बंद होणार,” ती म्हणाली. “तुम्हीच व्हा.”

अकरा वाक्यं लिहिणाऱ्याला हे एक सुचलं नव्हतं.

टोपीवाल्याने वरच्या लोकांच्या कानावर सगळं घातलं. अशी तक्रार एकच आली आहे, असं उत्तर मिळालं. चित्रपट जोरात चालला. मुलांच्या मनात प्रेमाची पेरणी करणारा, असं एका वर्तमानपत्राने लिहिलं. लिहिणाऱ्याला मूल नसावं, असा बाईंचा अंदाज. दुसऱ्या भागासाठी बोलावणं आलं तेव्हा त्यांनी एका शब्दात नकार दिला. ते काम दुसऱ्या बाईने केलं. रडणं आणखी चांगलं झालंय म्हणे.

नात आता आजीकडे राहायलाही येते. फोनवर मात्र अजून बोलत नाही. होईल हळूहळू, असं मुलगा म्हणतो. बाई त्याच्या हळूहळूवर विसंबून राहत नाहीत. दर रविवारी सकाळच्या बसने जातात आणि जे सांगायचं ते पोरीच्या समोर बसून सांगतात.