दातवाल्यांचा सरळ रस्ता

काही माणसांना पोहता येत नाही, तसा दातवाल्यांना कायदा मोडता येत नसे. घराच्या मागच्या खोलीत ते कवळ्या बनवत आणि पुढच्या अंगणात मोटरसायकल ठेवत. ती फाटकापर्यंत नुसती ढकलत न्यायची असली, तरी वळताना दिवा लावत. शेजारच्या शिंप्याने एकदा विचारलंही, "कुणाला दाखवताय हो?"

"दाखवायचं कुणाला? वळतोय म्हणून लावला."

अशा माणसाच्या गाडीच्या योग्यतेच्या दाखल्याची मुदत संपली. चूक त्यांची नव्हती. गाड्या रस्त्यावर आणायच्या लायकीच्या आहेत की नाहीत हे ठरवणाऱ्या तपासणी केंद्राचं छतच पडायला आलं होतं आणि ते दुरुस्तीसाठी बंद होतं. केंद्र उघडेपर्यंत गाडी चादरीखाली झाकून ठेवलेली. चौकातला वाहतूक पोलीस दिसला की दातवाले, स्वतः पायी चाललेले असूनही, "गाडी घरीच आहे हं, साहेब," असं आवर्जून सांगत. साहेबांनी कधीच विचारलं नव्हतं.

मुदत संपलेल्या गाडीला कायद्याने एकच सवलत होती. आधी वेळ ठरवली असेल, तर ती चालवत केंद्रावर नेता येई. पण थेट. वाटेत भाजी नाही, गप्पा नाहीत. केंद्र उघडताच दातवाल्यांनी दुपारची वेळ घेतली, आणि नेमक्या त्याच सकाळी सासऱ्यांची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली.

सासरे जुन्या पंपघराचे निवृत्त फोरमन. ते पंपघर त्या दिवशी कायमचं बंद व्हायचं होतं आणि चार वाजता निरोपाच्या समारंभात, सगळ्यांत जुने कामगार म्हणून, सासरे बोलणार होते. महिनाभर आरशासमोर तालीम चालली होती. आता दातांशिवाय त्यांच्या भाषणातला 'पंप' तेवढा स्वच्छ ऐकू येई. बाकीचं सगळं हवा होऊन जाई.

बायकोने तुकडे डब्यात घालून नवऱ्याला आणून दिले आणि ती वडिलांना धीर द्यायला माहेरी परतली. दातवाल्यांनी तुकडे जुळवून मागून प्लास्टरचा आधार दिला, चीर कानशीने रुंद केली, तीत गुलाबी मसाला भरला, तो कडक झाल्यावर घासून चकचकीत केला. हे होईतो निघायची वेळ झाली आणि फोन वाजला.

"अहो, झाली का? बाबा कोट घालून बसलेत. बोलत नाहीत काही, पण डोळ्यांनी बोलतायत."

"झाली. पण मला आता केंद्रावर निघायला हवं."

"मग वाटेतच तर आहे घर! दारात दोन मिनिटं थांबा."

"थांबता येणार नाही गं. थांबलो की तो तपासणीला जाण्याचा प्रवास राहत नाही. ती घरपोच सेवा होते."

"मग बसने या."

"गेल्या वेळी बसमध्ये एक गृहस्थ कवळीवर बसले होते. शिवाय आजची वेळ गेली तर गाडी पुन्हा चादरीखाली."

"बाबांचे दात महत्त्वाचे की तुमची चादर?"

दातवाल्यांनी विचार केला. ते विचार करताहेत हे ऐकूनच बायको भडकली. पण त्यांना खरोखरच मार्ग सापडला होता. "तुमच्या घराजवळ सिग्नल आहे ना? लाल दिव्याला थांबणं मला बंधनकारक आहे. बाबांना तिथे उभं कर. मी थांबेन, डबा देईन, दिवा हिरवा झाला की जाईन. कायद्याने थांबवलं म्हणून थांबलो, यात माझं काय?"

"आणि नीट बसली नाही तर?"

"तर टॅक्सी करून केंद्रावर या."

तो सिग्नल कुप्रसिद्ध होता. तिथे लाल दिव्याला उभ्या उभ्या लोक वर्तमानपत्र वाचून संपवत. सासरे कोट घालून, तोंडावर रुमाल धरून, दुसरा हात पुढे पसरून फुटपाथच्या कडेला उभे राहिले. एका सभ्य बाईने त्या हातावर नाणं ठेवलं. सासऱ्यांनी तिला जे सुनावलं, ते तिला आशीर्वादासारखं वाटलं असावं, कारण ती नमस्कार करून गेली.

दातवाले लांबून दिसले. दिवा हिरवा होता.

त्यांनी वेग कमी केला. दिवा हिरवाच. मागून बसने हॉर्न वाजवला. हिरव्या दिव्याला थांबणं गुन्हा, आणि हँडलवरून हात काढून डबा देणं दुसरा. सासऱ्यांच्या पुढ्यातून जाताना दातवाल्यांनी मान तिरकी करून एवढंच म्हटलं, "केंद्रावर या!" आणि ते सरळ निघून गेले.

सासरे आणि बायको टॅक्सीने मागोमाग पोचले, तेव्हा केंद्रात निरीक्षक गाडीखाली टॉर्च मारत होते. दातवाल्यांनी सासऱ्यांना बाकावर बसवलं, कवळी चढवली, दातांमध्ये, उंच जागी ठिपका उमटवणाऱ्या निळ्या कागदाची पट्टी धरली.

"चावा, बाबा. आता घासा. डावीकडे उंच लागतंय का?"

"ऊं!"

"साहेब," दातवाले निरीक्षकांना म्हणाले, "तुमचा टॉर्च जरा इकडे मारता?"

निरीक्षक अबोल माणूस. उठले, सासऱ्यांच्या तोंडात टॉर्च मारला आणि सवयीने म्हणाले, "मागची बाजू झिजलीय."

"ती कवळीची?"

"नाही, टायरची. गाडी नापास. टायर बदलेपर्यंत इथेच राहील."

दातवाल्यांनी मान डोलावली. खिशातली कानस काढून डाव्या दाढेचा निळा ठिपका घासला, कवळी धुऊन पुन्हा चढवली. "आता बोला काहीतरी."

सासऱ्यांनी जबडा दोनदा हलवून पाहिला आणि सकाळपासून साठलेलं वाक्य सोडलं. "जावईबापू, तुम्ही मूर्ख तर आहातच, शिवाय सज्जनही आहात. दोन्ही एकदम सहन होत नाही."

"वा!" दातवाले खूश झाले. "'सहन' पुन्हा एकदा म्हणा."

"अहो, चला!" बायकोने दोघांना टॅक्सीत कोंबलं.

पंपघरात ते शिरले, तेव्हा नाव पुकारलं जात होतं. सासरे तसेच पुढे गेले. दातवाले मागच्या रांगेत, मांडीवर हेल्मेट घेऊन, श्वास रोखून बसले. सासरे एकेका पंपाबद्दल बोलले: कुठला थंडीत रुसायचा, कुठल्याला रात्रपाळीवाले थापटून चालू करायचे. 'स' खणखणीत येत होता, 'त' जागच्या जागी पडत होता. दातवाले बोटांवर ताल धरून होते. शेवटी सासरे म्हणाले, "आज संध्याकाळी मुख्य पंप बंद करतील. त्यानंतर इथे..."

आणि ते थांबले. ओठ हलले, आवाज फुटेना.

दातवाले ताडकन उठले. हात कानशीकडे गेला. "डावीकडची दाढ! वाटलंच होतं मला—"

बायकोने त्यांची बाही धरून खाली ओढलं. "बसा," ती हळूच म्हणाली. "दातांचं नाही ते."