उपास आणि अनशापोटी

बोटाच्या टोकावर स्पिरिटचा बोळा टेकतो तेव्हा आधी गारवा जाणवतो. सुई त्यानंतर येते. त्या दोहोंमधल्या क्षणात माणूस श्वास रोखून धरतो. गेवराईच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत सकाळी सगळेच तसे बसलेले असत. रक्ताच्या एका थेंबाला आपल्याविषयी काय काय ठाऊक असेल, याचं भय कुणाला नसतं?

मधुमेहावरच्या एका संशोधनासाठी तिथं रुग्ण निवडले होते. उमापूरची माझी आत्या त्यांतली एक. रोज रात्री इन्सुलिन घ्यायचं, एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी उपाशी येऊन रक्त द्यायचं, आणि त्या आकड्यावरून पुढची मात्रा ठरायची. आत्याचा आकडा दर खेपेला चढाच येई, म्हणून मात्राही चढत गेली. इकडे तिला पहाटे दरदरून घाम फुटू लागला होता, हात कापत होते. हे तिनं मला त्या मंगळवारी दवाखान्याच्या दारात सांगितलं, तेही बोलता बोलता.

आकडा पुन्हा वर आला. डॉक्टरीणबाई तरुण, कामाला चोख. घामाचं मी सांगताच त्या थबकल्या. साखर फार उतरली की असा घाम येतो. पण समोरचा आकडा तर उलटंच सांगत होता. "आजी, खरंच उपाशी आलात ना?"

आत्या दुखावली. "बाई, मंगळवार हाय माजा. देवीच्या उपासाला मी खोटं बोलन व्हय?"

बाई आकड्याप्रमाणे वाढीव मात्रा लिहायला वळल्या.

शेजारच्या बाकावर फळांचा गाडा लावणारे रफिकभाई होते, त्याच संशोधनातले. ते हसून म्हणाले, "मौसी, तुमचा उपास म्हंजी मज्जा. आमच्या रोज्यात पानी बी न्हाई."

आत्याचा राग तिकडे वळला. "गप रे. केळी इकायची कमी अन् खायची जास्त, म्हनून हितं बसलास तू. आमच्या देवीला पोट मारलेलं चालत न्हाई. भगर हाय, रताळं हाय."

"मग आज काय हाणलं?"

"रताळी उकडली. उपाशी यायचं म्हनून का उपाशी मरू?"

रफिकभाई एकटेच हसले. बाईंचं पेन कागदावरून उचललं गेलं होतं.

'उपास' हा केवढा दयाळू शब्द! तो धान्य तेवढं दूर ठेवतो आणि भुकेला मागच्या दाराने आत घेतो. आत्या खोटं बोलली नव्हती, बाईंनी विचारलेलंही चुकीचं नव्हतं. नेमक्या रिकाम्या पोटासाठी आमच्याकडे 'अनशापोटी' असा स्वच्छ शब्द आहे. तो त्या खोलीत कुणी उच्चारलाच नव्हता. मंगळवारच्या रताळ्यांनी आकडा चढायचा आणि त्या आकड्यावरून ठरलेली मात्रा रोज पहाटेच्या खऱ्याखुऱ्या रिकाम्या पोटावर उतरायची. संशोधनाच्या निष्कर्षात औषध निकामी ठरलं असतं. पण त्याआधी एखाद्या पहाटे आत्या उठलीच नसती.

"उद्या अनशापोटी या," बाई म्हणाल्या. "पाण्याशिवाय काही नाही." त्या रात्रीसाठी त्यांनी मात्रा उतरवून दिली. आत्या गेवराईतच, माझ्या घरी राहिली. माझ्याशी मात्र ती बोलेना. भरल्या खोलीत आपला उपास खोटा ठरला, एवढंच तिच्या मनाला लागलं होतं.

बुधवारी सकाळी दवाखान्याची पायरी चढताना तिनं माझा दंड धरला. हात ओला होता. खोलीत तिला बसवेपर्यंत तिचे शब्द जड झाले होते. बाईंनी थेंब घेतला, यंत्राकडे पाहिलं आणि आकडा न उच्चारता साखरेचा डबा ओढला. कमी केलेल्या मात्रेवरही साखर तळाला गेली होती. त्यांनी मूठभर साखर आत्याच्या तळहातावर ओतली.

आत्या साखरेकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. तिला वाटलं, हीही एक परीक्षाच. "न्हाई बाई," ती अडखळत म्हणाली, "आकडा चढंल."

"चढू दे! खा म्हणते ना!" बाई ओरडल्या.

साखर खाल्ली म्हणून मुलं, सुना, डॉक्टर असे कितीतरी जण आत्याला आजवर रागावले होते. खात नाही म्हणून रागावणारं माणूस तिला त्या सकाळी पहिल्यांदा भेटलं. तिनं ओठ तळहाताला लावले.