आत्याने टीव्हीचं तोंड बंद केलं

माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात वायरी. अख्ख्या शहराची भांडणं, सोयरिकी, लफडी तिच्या कानावरून गेली, पण घरी तिने कधी अवाक्षर काढलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, "मी लाइन जोडते. चुगल्या करायला वेगळी माणसं असतात." एकदा तिच्या एका मैत्रिणीने लाइनवर ऐकलेली लग्नाची बोलणी बाहेर फोडली, तर आत्याने निवृत्त होईपर्यंत तिच्याशी बोलणं टाकलं. डूख धरण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही.

आतोबा शांत. ते दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या जाहिराती रंगवायचे. गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवून आत्याला सांगितलं, की गाठ वाईट आहे. आत्या म्हणाली, "ह्यांना मी सांगेन. माझ्या तोंडाने." घरी येऊन तिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोबाइलवर त्या आजाराचं नाव टाकलं, सापडलं तेवढं वाचलं, मोबाइलवरून ते पुसलं आणि मग डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी आतोबा बाहेरच्या खोलीत टीव्हीवर जुनी गाणी बघत होते. टीव्ही इंटरनेटवर चालणारा. गाणं मध्येच थांबलं आणि एक गुटगुटीत माणूस हसत हसत म्हणाला, "पोटाचा कर्करोग? अजून वेळ गेलेली नाही." त्याच्या पाठोपाठ विमेवाला: "तुमच्या पश्चात घरच्यांचं काय?" आतोबा एवढंच म्हणाले, "आवाज कमी कर गं जरा." आत्या हातात पातेलं घेऊन दारात उभी होती.

लगेच मला फोन आला. "मोबाइल माझा, टीव्ही ह्यांचा. त्याला कुणी सांगितलं?"

मी समजावलं, की घरातली सगळी यंत्रं एकाच राउटरमधून बाहेर जातात. बाहेर टपून बसलेल्या कंपन्या तेवढ्यावरून घर ओळखतात आणि एकाने शोधलेलं दुसऱ्याला दाखवतात. ती इतक्या शांतपणे ऐकत होती, की मला धास्ती वाटली.

"म्हणजे लाइनला कान लावून बसलेत," ती म्हणाली. "आमच्याकडे असल्यांना नोकरीवरून काढायचे. मला त्या कंपन्यांची लाइन तोडायची आहे. एकूण एकाची."

मी साबणाच्या वडीएवढी एक डबी आणून राउटरला जोडली. घरातलं कुठलंही यंत्र बाहेर निघालं, की आधी ह्या डबीला पत्ता विचारतं. पत्ता जाहिरातवाल्याचा किंवा पाळत ठेवणाऱ्याचा निघाला, तर डबी सांगते, असा कुणी नाही. "अगं, ही तर एक्स्चेंजच की!" आत्या म्हणाली, आणि डबीचा ताबा तिच्याकडे गेला.

मग काय तो सूड! सकाळी चहाच्या आधी ती मोबाइलच्या पडद्यावर बघायची, कोण कोण दारावरून परत गेलं. "हा बघ मेला, पुन्हा आला. मर तिकडेच." डबीत आधीपासून अडवलेले पत्ते तिला पुरेनात. विनाकारण वाजणारी लाइन तिला सहन व्हायची नाही, ही जुनी खोड. कोण बोलतंय ते कळलं नाही, की तोड. इंटरनेटला जोडलेला वजनकाटा मुका झाला, दारावरचा कॅमेरा आंधळा झाला. शेजारीण आत्याचं वायफाय वापरून सेलची जाहिरात उघडायला गेली आणि ती उघडेना, तेव्हा आत्याच्या चेहऱ्यावर काय तेज आलं! मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्या गुटगुटीत माणसाचा गळा मलाही धरायचा होता.

शेवटी तिच्या लक्षात आलं, की टीव्ही बंद असतानाही कुठेतरी बोलत असतो. तिने टीव्हीच्या कंपनीचे सगळे पत्ते तोडले. टीव्ही गारद.

आतोबांनी मला बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा ते पलंगावर पडून होते आणि आत्या कमरेवर हात ठेवून टीव्हीपुढे उभी. "सुरू करायचा नाही," ती त्यांना म्हणाली. "ह्या चुगलखोराने माझ्या आधी तुम्हाला सांगितलं."

आतोबा हसले. "मीही जन्मभर जाहिरातीच रंगवल्या. पण माझी साबणवाली बाई भिंत सोडून कधी कुणाच्या घरात शिरली नाही. तोडलंस ते बरं केलंस." मग उशीला टेकून म्हणाले, "पण टीव्हीने मला काही सांगितलं नाही गं. दवाखान्यातून आलो, त्या संध्याकाळी मी ओला टॉवेल पलंगावर टाकला आणि तू तो मुकाट्याने उचललास. तेव्हाच समजलो."

आत्याचे हात कमरेवरून खाली आले. "मग विचारलं का नाहीत?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी रोज वाट बघतो. तू रोज त्या डबीशी बोलतेस."

सांगायचा हक्क हिरावला म्हणून एवढा सूड, आणि सांगायचं तेवढं मात्र बाईने टाळलं होतं. मला तिचा राग आला, आणि वाईटही वाटलं.

ती पलंगाच्या कडेला बसली. आजाराचं नाव सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, काहीही न गाळता. आतोबांनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढं सगळं एकटीच घेऊन फिरत होतीस?"

तेव्हा ती हुंदके देऊन रडली, आणि त्यांनी तिला रडू दिलं. बऱ्याच वेळाने मी बावळटासारखं विचारलं, "मग टीव्ही पुन्हा जोडू का?"

दोघंही एकदम माझ्यावर खेकसले, "खबरदार!"