बी विकायला तयार नसलेला माणूस

येलहंक्याच्या नर्सरीत बी विकणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रश्न सगळे तोच विचारायचा. आमच्यासारखाच पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेला मराठी माणूस. कॅलेंडुलाचं बी मागितलं, तर कापलेल्या नखांसारखं ते वाकडं बी तळहातावर घेऊन म्हणाला, "बाल्कनी कुठल्या दिशेला, अक्का?"

"पूर्वेला."

"सरी, ठीक. पाणी कोण घालतं?"

"सासूबाई. दिवसातून तीनदा."

त्यानं मूठ मिटली. "मग देत नाही. कुजतं हे."

माझ्या आधीच्या दोन पेरण्या तशाच कुजल्या होत्या. आता पेरलं नाही तर यंदाची फुलं हुकणार होती. सासूबाईंना थांबवणं मला वीस वर्षांत जमलेलं नाही, हेही मी सांगून टाकलं.

मूठ स्वल्प सैल झाली. "दोन कुंड्या ठेवा. एकीत बी, ती तुमची. दुसरीत नुसती माती, ती त्यांची."

उपाय लागू पडला. दोन महिन्यांनी पहिलं केशरी फूल मी त्याला दाखवायला नेलं. त्यानं त्याकडे पाहिलंही नाही.

"सासूबाईंच्या कुंडीत काय आलं?"

"काय येणार? काही पेरलंच नाही ना!"

"तीनदा पाणी घालूनसुद्धा?" त्याचा चेहरा पडला. "म्हणजे मातीच खराब." त्यानं नव्या मातीची पिशवी माझ्या हातात कोंबली.

वाद घालायला मला वेळ नव्हता. घरी येऊन मी सासूबाईंच्या कुंडीतली माती बदलली.

सासूबाई झारी घेऊन तयारच होत्या. "आता उगवेल," त्या म्हणाल्या.

मी "हो" म्हटलं.