लिडियाची केशरी कबर

लिडिया ओहोळच्या घराचं दार पोपटी, उंबरा लालभडक आणि दारातल्या माठावर पिवळे पट्टे. पारनेरची एसटी फाट्यावर वळली की आधी ते दार दिसतं, मग गाव. गावानं त्या दाराला भरपूर नावं ठेवली आणि शाळेतली मराठीची बाई म्हणून त्यात माझा वाटा मोठा. बटबटीत, भपकेबाज, नटवं, डोळ्यांत घुसणारं. असं का रंगवलंय, हे मात्र एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

लिडिया शिवणकाम करायची. नवरा लवकर गेला, मागे एकच मुलगी, आराधना. ती पहिलीत आली तेव्हा तिच्या अंगात रस्त्याच्या कामावरची माणसं घालतात तसल्या झगझगीत कापडाचा फ्रॉक. मी तिच्या आईला बोलावून घेतलं.

"लिडिया, मुलीला शाळेत पाठवतेस की बँडात?"

"बाई, तिला तिची बाही दिसाया पायजे. न्हाईतर आपला हात कुठं संपतो ते कळत न्हाई तिला."

तेव्हा कळलं. पोरीची नजर जन्मापासून अधू. पांढरं, राखाडी, मातकट हे सगळं तिला एकच धुकं. पेटल्यासारखा रंग असला तरच तिथं काहीतरी आहे एवढं समजायचं. म्हणून दार पोपटी, म्हणजे घर सापडावं. उंबरा लाल, म्हणजे ठेच लागू नये. मी माफी बिफी मागितली नाही. पोरीला पहिल्या बाकावर बसवलं आणि फळ्यावर पिवळा खडू वापरायला लागले.

आराधना एकतिसाव्या वर्षी न्यूमोनियानं गेली. त्याला आता तीन वर्षं होतील. आम्हा ख्रिस्ती लोकांत रीत आहे तसं सगळं झालं. पांढरा झगा, पेटीला पांढरं अस्तर, पांढरी कबर. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सगळी मंडळी आपापल्या माणसांच्या कबरींना चुना देतात, तसा लिडियानंही पहिल्या वर्षी दिला.

मग ती एकदा माझ्याकडे आली. बसलीसुद्धा नाही.

"बाई, ती येती. दिवेलागणीला. भिंत चाचपत दारापातुर येती अन् तिथंच उभी ऱ्हाती."

"अगं, मांजर असेल."

"मांजराला तळहात असत्यात व्हय? घर तिला सापडतं, बाई. दार पोपटी हाय. पण परत जायला तिची जागा सापडत न्हाई. तिथं सगळंच पांढरं. लई दमलीय ती. तिला निजायला मिळंना."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तसं तिला सांगितलंही. ती निघून गेली आणि आठवड्याभरात तिनं आराधनाची कबर केशरी ऑईल पेंटनं रंगवली. कडेनं उसाच्या ट्रॉलीला लावतात तसली रेडियमची पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गावातला गोरक्षनाथ ट्रॅक्टर घेऊन कबरस्तानावरून चालला होता. वळणावर दिव्याचा झोत पडला आणि कबर भप्पकन पेटली. गडी ट्रॅक्टर तसाच चालू ठेवून पळत सुटला.

चर्चच्या मंडळीची बैठक लागली. आमचा सेक्रेटरी स्टीफन मला म्हणाला, "बाई, नियम तुम्ही लिहून द्या. शब्द असा घाला की पळवाट नको."

मी लिहिलं, 'भडक रंगाची कबर चालणार नाही.'

म्हातारे मोझेसकाका उठले. "मी माझ्यासाठी गुलाबी फरशी आणून ठिवलीय. ती भडक का?"

"मग बटबटीत लिहा," स्टीफन म्हणाला.

"बटबटीत तर तुमच्या वडलांच्या कबरीवरचा क्रॉस हाय, स्टीफनभाऊ," दारात उभी असलेली लिडिया म्हणाली. दोघंतिघं हसले. स्टीफनचे कान लाल झाले.

"भपकेबाज!"

"भपका दुसऱ्याला दाखवायला अस्तो. मी जिला दाखवते, तिला तेवढंच दिसतं."

तिथंच मी पेन खाली ठेवायला हवं होतं. पण बैठक लांबली होती, मला उकडत होतं, आणि पळवाट नसलेलं वाक्य सुचल्याचं समाधानही होतं. मी लिहिलं, 'पांढऱ्याखेरीज कोणताही रंग देऊ नये.' सगळ्यांनी सह्या केल्या.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी लिडियानं रेडियम ओरबाडून काढलं आणि केशरी रंगावर चुन्याचे तीन हात दिले. जाताना माझ्यापाशी थांबली. "आता तुमीच सांगा तिला."

ईस्टरची पहाटेची उपासना आम्ही कबरस्तानातच करतो. उजाडलं तशा कबरी दिसू लागल्या आणि गाणं मधेच विस्कटलं. फाटकापासून पहिल्या कबरीवर, गुडघ्याएवढ्या उंचीला, ओल्या चुन्यात हात ओढत नेल्याची खूण होती. दुसरीवर तशीच. तिसरीवर तशीच. ओळीनं सगळ्यांवर. आराधनाच्या कबरीवरही होती. पण तिथं ती थांबली नव्हती. पुढच्या कबरीवर गेली होती, त्याच्या पुढच्या, थेट मागच्या कुंपणापर्यंत.

"पोरं असतील," स्टीफन म्हणाला. पण वडलांच्या कबरीकडे तो बघेना.

मी लिडियाच्या हातांकडे पाहिलं, खोटं कशाला बोलू. नखांत चुना होता. तसा तो आदल्या दिवशीचा आम्हां सगळ्यांच्याच नखांत होता.

ती त्या खुणेकडे बघत उभी होती. "हात लावला अन् पुढं गेली," एवढंच म्हणाली.

उपासना संपल्यावर मी बैठकीची वही मागवली आणि सगळ्यांदेखत नियमावर काट मारली. कुणी हरकत घेतली नाही. सोमवारी कबर पुन्हा केशरी झाली.

पंधरा दिवसांनी मी मुद्दाम दिवेलागणीला तिच्याकडे गेले. पोपटी दार सताड उघडं होतं.

"येते का गं अजून?"

"न्हाई. रंग दिल्यापासनं एकदा बी न्हाई."

"मग झालं तर. सापडली तिला जागा."

"सापडली, का चाचपून चाचपून कुठंतरी भलतीकडं गेली? कसं कळायचं, बाई?"

मी तिच्या शेजारी पायरीवर टेकले. पार अंधार पडेस्तोवर आम्ही दोघी भिंतीकडे कान लावून बसलो. काहीच वाजलं नाही, तेव्हा लिडिया तोंडात पदर कोंबून रडायला लागली.